भाड्याचे घर आणि दलालाचा शब्द

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आल्या की नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या गावांत घर शोधणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. बदली होऊन आलेले शिक्षक, बँकांतील व शासकीय कार्यालयांतील कर्मचारी, रुग्णालयांत रुजू होणारे डॉक्टर व परिचारिका, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून तालुक्याच्या गावी येणारी कुटुंबे, या सर्वांची पहिली गरज एकच असते : डोक्यावर छप्पर. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याची सर्व कार्यालये नंदुरबारला आली, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढली, तशी भाड्याच्या घरांची निकडही वाढली. त्या निकडीबरोबर एक मनुष्य या व्यवहारात अपरिहार्य होऊन बसला, तो म्हणजे दलाल.

दलाल हा शब्द अरबी भाषेतून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी वाट दाखविण्याचा अर्थ आहे. नव्या गावात आलेल्या माणसाला वाट दाखविणारा हवाच असतो. कोणत्या आळीत घर रिकामे आहे, कोणता मालक कुटुंबाला प्राधान्य देतो, कोठे उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, ही माहिती गोळा करण्यास श्रम लागतात आणि त्या श्रमाचा मोबदला मागण्यात गैर काहीच नाही. तेव्हा दलाली हा हलका धंदा आहे, अशा समजुतीने या विषयाकडे पाहणे योग्य नव्हे. परंतु वाट दाखविणाराच जेव्हा वाट अडवून उभा राहतो, तेव्हा सामान्य कुटुंबाची कोंडी होते. वीस-पंचवीस हजारांचे डिपॉझिट ही एखाद्या नोकरदाराच्या दृष्टीने मुलीची वर्षाची फी असते, किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली पुंजी असते. ती अडकली की घराचा आनंद संपतो आणि हेलपाटे सुरू होतात.

अडचणीचा दलाल कसा ओळखावा?

लहान शहरांत दलालाचे स्वतंत्र कार्यालय क्वचितच असते. कोणी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, कोणी वीजजोडणीची कामे करता करता घरे दाखवितो, कोणी प्लॉटच्या खरेदी-विक्रीबरोबर भाड्याचे व्यवहारही पाहतो. त्यातील बहुतेक जण आपापल्या परीने सरळ काम करतात. अडवणूक करणाऱ्यांच्या रीती मात्र सर्वत्र सारख्याच आढळतात.

पहिली रीत घाईची. संभाषण साधारण असे होते.

“सर, आज टोकन दिलं नाही तर घर संध्याकाळपर्यंत जाईल. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.”

“भाऊ, घर आवडलं आहे. पण मालकांशी बोलल्याशिवाय टोकन देणार नाही.”

“मालक सुरतला असतात. सगळा व्यवहार माझ्याकडेच आहे.”

या शेवटच्या वाक्यापाशी शहाण्या माणसाने थांबावे. मालक सुरतला असतील, मुंबईला असतील किंवा परदेशी असतील, दूरध्वनी सर्वत्र पोहोचतो. मालकाशी प्रत्यक्ष बोलणे होऊ न देणारा दलाल बहुधा भाड्याचा खरा आकडा तरी लपवीत असतो, किंवा मालकाने त्याला तो अधिकारच दिलेला नसतो.

दुसरी रीत दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याची. दोन्हीकडून दलाली घेणे हे मुळात चूक नाही. मोठ्या शहरांत तशी रूढीच आहे. चूक आहे ती लपविण्यात. भाडेकरूला सांगायचे की मालक काहीच देत नाही, आणि मालकालाही तेच सांगायचे, म्हणजे दोघांनाही अंधारात ठेवणे होय.

तिसरी रीत दर अकरा महिन्यांनी उगवते. करार संपत आला की दलाल पुन्हा दारात उभा राहतो आणि नूतनीकरणाची दलाली मागतो. मालक व भाडेकरू एकमेकांना ओळखू लागलेले असतात, दलालाने नवे काहीच केलेले नसते. तरीही “रीत आहे” एवढ्या शब्दावर रक्कम वसूल होते. असे आधी ठरले असेल तर ती द्यावी. ठरले नसेल तर देण्याचे बंधन नाही.

चौथी आणि सर्वांत जाचक रीत डिपॉझिटची. दलाल डिपॉझिट स्वतःच्या हाती रोख घेतो, त्यातील काही भाग मालकास देतो, काही स्वतःकडे ठेवतो. घर सोडताना मालक म्हणतो, “माझ्याकडे दहाच आले होते,” आणि दलाल म्हणतो, “मी सगळे दिले.” पावती नसल्याने भाडेकरू दोघांच्या मध्ये उभा राहतो.

मिरचीच्या बाजारातील धडा

नंदुरबारच्या वाचकाला या गोष्टी समजावून सांगण्यास बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ सर्वदूर प्रसिद्ध आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात. त्या बाजारातही मध्यस्थ आहे, त्याला अडत्या म्हणतात. परंतु बाजार समितीच्या आवारातील अडत्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली परवाना घेऊन काम करतो. वजन काट्यावर होते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. पट्टीत माल किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हे लिहिलेले असते. बाजारात तंटे होत नाहीत असे नव्हे. पण तंटा झाला तर समोर ठेवायला कागद असतो.

घराच्या दलालाजवळ असा परवाना नसतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणे महारेराकडे नोंदणी करण्याचे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका व भूखंडांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्यांवर आहे. केवळ घर भाड्याने मिळवून देणारा या चौकटीत येत नाही. भाड्याच्या दलालीचा दर ठरवून देणारा कायदाही महाराष्ट्रात नाही. एक महिन्याचे भाडे, पंधरा दिवसांचे भाडे, हे सारे रूढीचे आकडे आहेत. याचा अर्थ असा की येथे हिशेबपट्टी आपली आपणच तयार करावयाची आहे.

आपल्या समाजाला हे नवीन वाटू नये. खानदेशात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या ओसवाल व अन्य जैन कुटुंबांचे व्यवहार शब्दावर चालत, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्या शब्दाच्या मागे वही होती. दिवाळीत आपण ज्या वहीचे पूजन करतो, ती वही म्हणजे विश्वासाची साक्षीदार. शब्द दिला की तो त्याच दिवशी वहीत उतरत असे. पूर्वजांनी विश्वास आणि लेखन यांना कधी परस्परविरोधी मानले नाही. “आपला माणूस आहे, कागद कशाला?” हे वाक्य त्यांच्या परंपरेतील नसून आपल्या आळसातून आलेले आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

दलालाच्या आवाजापुढे दबून जाणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसते की, दलाली केव्हा देय होते याचे उत्तर दीडशे वर्षांपासून कायद्यात आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये अभिकर्त्याविषयी, म्हणजे एजंटाविषयी, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कलम २१९ प्रमाणे वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. घर दाखविले म्हणजे काम पूर्ण झाले, असे नव्हे; घर मिळाले म्हणजे पूर्ण झाले. कलम २२० सांगते की, आपल्या कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या भागाच्या मोबदल्यावर हक्क राहत नाही. कलम २१३ त्याच्यावर मागताच हिशेब देण्याचे बंधन घालते, आणि कलम २१८ त्याला मालकाच्या वतीने स्वीकारलेली रक्कम मालकास देण्यास बांधते.

येथे एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावा : दलाल कोणाचा? मालकाचा, भाडेकरूचा की दोघांचा? दलाल मालकाचा असेल आणि मालकाने त्याला पैसे स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असेल, तर त्याच्या हाती दिलेले डिपॉझिट मालकास दिल्यासारखेच ठरू शकते. दलाल केवळ भाडेकरूचा असेल, तर त्याने पैसे बुडविल्यास नुकसान भाडेकरूचे. बहुतेक तंट्यांचे मूळ या एका अनुत्तरित प्रश्नात असते.

दुसरा कायदा त्याहून जवळचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. “अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, बाँडवर नोटरी केली की झाले,” असे सांगणारा दलाल म्हणून दोन्ही पक्षांना खड्ड्यात घालीत असतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, ही समजूत १९०८ च्या नोंदणी अधिनियमावरून रूढ झाली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे तिला आधार उरलेला नाही.

खर्चाचे भयही अनाठायी आहे. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुदतीतील एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवरील दहा टक्के दराचे काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. भाडे महिना ७,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि डिपॉझिट २०,००० रुपये असेल तर ७७,००० अधिक सुमारे १,८३३, म्हणजे ७८,८०० च्या आसपासच्या रकमेवर पाव टक्का. तो २०० रुपयांच्या आत बसतो. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० व शहरी भागात १,००० रुपये. दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च वेगळा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाच्या साहाय्याने हा करार घरबसल्याही नोंदविता येतो. वीस हजारांच्या रक्षणासाठी एवढा खर्च जड नाही. तो कोणी सोसावा, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे.

घर पाहताना

दलालाचे गोड बोलणे पडताळून पाहण्याचे काम घरापाशीच करावे. नंदुरबार शहराचा पाणीपुरवठा प्रामुख्याने विरचक धरणावर अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की नळ किती दिवसांनी येतो, हे दलालाऐवजी शेजारच्या गृहिणीला विचारावे. ती खरे सांगते, कारण तिला दलाली मिळणार नसते. विजेचे मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून जोडणी आहे, मागील बिल थकलेले नाही ना, हे पाहावे. दुपारी घर पाहावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली काय होते, ते सकाळी समजत नाही. देरासर किंवा उपाश्रय “दोन मिनिटांवर” आहे असे दलाल म्हणाला, तर ते अंतर घरातील वृद्धांना सोबत घेऊन एकदा पायी चालून पाहावे. सूर्यास्तापूर्वी भोजन, उकाळलेले पाणी, पर्युषणातील पाहुण्यांची ये-जा, या आपल्या घरच्या रीतीही मालकाला आधी मोकळेपणाने सांगाव्यात.

घर खरोखर त्याच मालकाचे आहे का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. शहरात नगरपरिषदेच्या घरपट्टीची पावती किंवा मालमत्ता पत्रक, खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा मागावा. वीजबिलावरील नाव पाहावे. नावे जुळत नसतील तर कारण विचारावे. वडिलांच्या नावावरील घर तिघा भावांचे असेल, तर एकाच भावाची सही पुढे तंट्याला निमंत्रण ठरते. दलालाने आधार कार्डाची प्रत मागितल्यास ती केवळ कराराच्या कामापुरती द्यावी आणि प्रतीवर हेतू व तारीख लिहावी. मूळ कागद हाती देऊ नयेत. जो दलाल कधी समोर येत नाही, मोबाईलवर घराची छायाचित्रे पाठवून आगाऊ रक्कम मागतो, तो दलाल नसून ठक असण्याची शक्यता अधिक. अशा फसवणुकीत १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. वेळ जितका कमी जाईल तितकी रक्कम थांबविण्याची आशा जास्त.

या जिल्ह्यापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली सीमेची. नवापूरचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे, हे सर्वश्रुत आहे. सीमेवरच्या गावांत दलालही दोन्हीकडची घरे दाखवितात. घर ज्या राज्यात उभे आहे त्या राज्याचा भाडेकायदा लागू होतो. घर पलीकडचे असेल तर येथे सांगितलेले महाराष्ट्राचे नियम व मुद्रांकाचे दर तेथे चालणार नाहीत. दुसरी गोष्ट जमिनीची. जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीने भाडेपट्ट्याने घ्यावयाची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. गोदामासाठी किंवा दुकानासाठी अशी जागा “परस्पर जमवून देतो” म्हणणाऱ्या दलालाला तत्काळ नकार द्यावा. त्यात आपला पैसा बुडण्याचा धोका आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी तो कायदा आहे त्याचे नुकसान आहे.

चार ओळींचा कागद

दलालाशी बोलताना आवाज चढविण्याचे कारण नाही. एक कागद पुढे करावा. त्यावरील मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

“अमुक कॉलनीतील घर भाड्याने मिळवून देण्यासाठी श्री. अमुक यांना एकूण अमुक रुपये दलाली देण्याचे ठरले. करार नोंदवून घराचा ताबा मिळाल्यानंतरच ही रक्कम देय होईल. व्यवहार न झाल्यास टोकन म्हणून घेतलेली रक्कम सात दिवसांत परत करावयाची. नूतनीकरणाच्या वेळी वेगळी दलाली नाही. डिपॉझिट व भाडे थेट घरमालकांच्या बँक खात्यात जमा होईल.”

खाली दोघांच्या सह्या व तारीख. सही करण्यास दलाल तयार नसेल तर हाच मजकूर त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावा आणि “ठीक आहे” एवढे उत्तर मागावे. तेही न देणाऱ्याशी व्यवहार न करणेच हिताचे. या कागदातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. डिपॉझिटचा एक रुपयाही दलालाच्या हातून जाऊ नये. मालकाच्या खात्यात हस्तांतर करताना तपशिलात “घराचे डिपॉझिट” असे लिहावे. बँकेची नोंद हा असा साक्षीदार आहे, जो विसरत नाही आणि फिरत नाही. भाड्याची पावती मागण्यात संकोच नसावा. मिळालेल्या रकमेची पावती देणे मालकावर भाडे नियंत्रण कायद्यानेच बंधनकारक आहे.

घराचा ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, खिडक्या यांची छायाचित्रे काढून मालकास पाठवावीत. सोडताना डिपॉझिटमधून होणाऱ्या कपातीचा वाद यामुळे निम्म्याहून अधिक मिटतो.

एवढे करूनही दलालाने टोकन अडविले तर काय करावे? प्रथम लेखी मागणी करावी : रक्कम, तारीख, परतीची मुदत. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. गावातील वडीलधाऱ्या, दोघांना मान्य असलेल्या व्यक्तीस मध्ये घेण्यात कमीपणा नाही. लहान गावात असा शब्द नोटिशीहून लवकर लागू पडतो. त्यानेही न झाल्यास पैसे देऊन घेतलेली दलालाची सेवा ही सेवाच असल्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. खोटा मालक उभा करणे किंवा एकच घर दाखवून अनेकांकडून टोकन घेणे हा मात्र फौजदारी मामला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक व विश्वासघात यांची कलमे आहेत. तेथे पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरू नये.

दुसरी बाजू

या विषयात केवळ दलालाला दोषी धरणे हा अर्धा न्याय झाला. दलालाने चार घरे दाखवावीत, पेट्रोल जाळावे, दुपारच्या उन्हात किल्ल्या घेऊन हिंडावे. आणि मग मालक व भाडेकरूने परस्पर संगनमत करून “घर आम्हाला ओळखीतून मिळाले” असे सांगून त्याची दलाली बुडवावी, हेही घडते. त्यात शिकलेली, प्रतिष्ठित माणसे असतात. एखाद्या दलालाचा स्वभाव अडवणुकीचा होतो, त्यामागे असे बुडालेले मोबदले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ठरलेली दलाली ठरलेल्या दिवशी, मागणी येण्याची वाट न पाहता द्यावी. त्याची पावती घ्यावी. सरळ माणसाची दलाली वेळेवर देणे, हा वाकड्या दलालांचे पीक कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपल्यातील अनेक कुटुंबे घरमालकही आहेत. त्यांनी डिपॉझिटकडे उत्पन्न म्हणून पाहू नये. ती परक्याची ठेव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. भाडे कमी दाखवून केलेला करार, मागील तारखेचा बाँड, हे त्याचेच आजचे रूप. न्यासापहाराचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत फार सूक्ष्मपणे उलगडला आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर “हो, एवढेच होते” असे म्हणणे हाही न्यासापहारच होय. समोरच्याने मागितले नाही म्हणून आपण दिले नाही, ही पळवाट तेथे बंद केलेली आहे. पावती नसलेल्या भाडेकरूच्या डिपॉझिटचा प्रश्न येईल तेव्हा प्रत्येक मालकाने व दलालाने हे स्मरावे.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यातील पहिला गुण न्यायाने मिळविलेले वैभव हा आहे. आणि त्याच मालिकेत निवासस्थानाचाही विचार आहे : घर फार उघड्यावर नसावे, फार आडबाजूसही नसावे, शेजार चांगला असावा, बाहेर पडण्याची दारे अनेक नसावीत. बाराव्या शतकातील आचार्यांना गृहस्थाच्या धर्मजीवनात घराची निवड इतकी महत्त्वाची वाटली. घर मिळविण्याचा व्यवहारही मग त्या धर्मजीवनाबाहेरचा कसा राहील?

समाजातील तरुण मंडळांनी या कामी पुढाकार घ्यावा. प्रत्येक गावच्या संघाकडे रिकाम्या घरांची एक वही असावी. घर, भाडे, डिपॉझिट आणि मालकाचा संपर्क एवढ्याच नोंदी पुरेत. नव्याने येणाऱ्या साधर्मिक कुटुंबाला, आणि केवळ साधर्मिकालाच नव्हे तर विचारणाऱ्या कोणालाही, ती दाखवावी. ज्या दलालांचा व्यवहार स्वच्छ आहे त्यांची नावेही त्यात असावीत, म्हणजे सचोटीला काम मिळेल. संघात एखादा निवृत्त कर्मचारी असा असतोच, ज्याला नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरता येतो. त्याने महिन्यातून दोन दुपारी या कामाला द्याव्यात. परगावी आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात जो हात मिळतो, तो ते आयुष्यभर विसरत नाही.

भाड्याचे घर तात्पुरते असते, पण त्यात गेलेली वर्षे तात्पुरती नसतात. मुले तेथे वाढतात, सणवार तेथे होतात, वृद्ध आईवडील त्याच खिडकीपाशी बसून सामायिक करतात. ते दिवस कोर्टाच्या तारखांत आणि दलालाच्या दारात जाऊ नयेत, यासाठी घर ठरण्यापूर्वीचे दोन प्रश्न आणि चार ओळी पुरेशा आहेत. दलाल कोणाचा, आणि पैसे कोणाच्या खात्यात? या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरेपर्यंत खिशातून पैसे बाहेर काढू नयेत.